पणजोबांच्या बसऱ्याच्या पत्रांत लढाई का सापडत नाही

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या ट्रंकेत पहिल्या महायुद्धात फौजेत असलेल्या पणजोबांनी बसरा-बगदादकडून (आजचा इराक) गावी पाठवलेली पत्रं सापडली, 1916 ते 1919 मधली, मोठ्या हौसेने मोडी जाणणाऱ्या एकांकडून वाचून घेतली आणि हिरमोड झाला, कारण लढाईबद्दल एक ओळ नाही, नुसतं इकडे खुशाल, तिकडची खुशाली कळवणे, बैलाचं काय झालं, पाऊस कसा आहे, मनीऑर्डर पोचली का. आणि शेवटी विचारलंय की यात जपण्यासारखं खरंच काही आहे का. आहे, भरपूर आहे, आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये. आमच्या घरची आणि ओळखीपाळखीच्या लोकांची अशी पत्रं बरीच वर्षं वाचतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक लक्षात घ्या की हे पत्र खासगी नव्हतंच कधी. पलटणीतल्या बहुतेक शिपायांना लिहिता येत नव्हतं, मग कोणी शिकलेला साथीदार किंवा कारकून लिहून देणार, म्हणजे पहिला माणूस तिथेच आला. मग पलटणीतला अधिकारी बघणार, पुढे फौजेच्या मुख्य तळावर सेन्सॉरच्या हाती लागू शकतं. गावात पोचलं की पोस्टमन किंवा शाळामास्तर ओसरीवर बसून मोठ्याने वाचणार, ऐकायला आई, वडील, भाऊ, भावजया, शेजारचे, आणि ज्याचा मुलगा त्याच पलटणीत आहे असा कोणीतरी दुसऱ्या आळीतून धावत आलेला. आता सांगा, एवढ्या लोकांदेखत माणूस काय लिहिणार? उन्हाने माणसं पटापट पडतायत, शेजारी झोपणारा परवा गेला, हे लिहिलं तर सेन्सॉरने अडवलं असतंच, पण नसतं अडवलं तरी आईच्या कानावर ते असं चारचौघांत घालायला कुठला मुलगा धजावेल?

सेन्सॉरचं म्हणाल तर फ्रान्समध्ये गेलेल्या भारतीय फौजेची पत्रं बोलोनला तपासली जायची, त्यांचे भाषांतरित उतारे आणि अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि तिकडच्या शिपायांना आपलं पत्र वाचलं जातंय हे चांगलं माहीत होतं. म्हणून काहींनी काळी मिरी आणि लाल मिरची असे शब्द वापरले, काळी मिरी म्हणजे आपले लोक, लाल मिरची म्हणजे गोरे, आणि सेन्सॉरच्या ते लक्षातही आलं होतं. पण म्हणून तुमच्या पत्रातल्या प्रत्येक बैलात आणि पावसात गुप्त अर्थ शोधू नका. शेतकऱ्याच्या घरात बैल म्हणजे बैलच असतो, तो मेला तर पेरणी अडते आणि त्याची काळजी बसऱ्यात बसलेल्या माणसाला लढाईइतकीच खरी असते.

मग वाचायचं काय, तर त्याने विचारलेले प्रश्न. तुम्ही जो दुसरा फोटो टाकलाय तो मोठा करून बघितला. वर श्री, मग तीर्थस्वरूप वडिलांचे सेवेशी साष्टांग नमस्कार, खुशालीची ठरलेली वाक्यं, आणि मग चौथ्या ओळीपासून माणूस बोलायला लागतो. विहिरीच्या पाळीचा (पाणी घ्यायच्या वाराचा) तंटा मिटला का, धाकट्याला देवी काढल्या का, म्हणजे देवीची लस टोचली का, सावकाराला मागच्या पैशातून किती दिले आणि पावती घेतली का, त्याला पावती घेतल्याशिवाय काही देऊ नये. पावतीबद्दलचं वाक्य त्याच पानावर खाली पुन्हा आलंय, बघितलंत का? म्हणजे आधी कधीतरी पावती न घेता पैसे गेलेत आणि ते ह्या माणसाच्या मनात सलतंय. शिपायाचा मूळ पगार तेव्हा महिना 11 रुपये, परदेशी असताना वर थोडा भत्ता. त्यातून वाचवून तो पैसे पाठवतोय, समुद्रापार बसून घर चालवतोय, आणि उत्तर यायला इतके दिवस लागतात की त्याने विचारलेला प्रश्न घरी पोचेपर्यंत इकडे पेरणी होऊनही गेलेली असते. माझ्या मते हीच ह्या पत्रांतली खरी गोष्ट आहे. लढाई पुस्तकात मिळेल, विहिरीची पाळी कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही.

पणजींचा उल्लेख एकदाही नाही म्हणून तुम्हाला वाईट वाटलंय. नाव घेऊन बायकोची चौकशी वडिलांच्या पत्रात करण्याची रीतच नव्हती हो, वडील वाचून घेणार आणि सगळं घर ऐकणार. चौकशी मुलाच्या नावाने व्हायची. धाकट्याला देवी काढल्या का, तो चालायला लागला का, कोणाजवळ झोपतो, असे तीन प्रश्न मुलाबद्दल आहेत तुमच्या त्या पत्रात, आणि आजोळी पाठवला होता तो परत आणला का असं पण विचारलंय. मूल आजोळी एकटं जात नाही. ती माहेराहून परत आली का हे विचारायचा त्याला तेवढाच मार्ग होता, असं मी तरी वाचतो.

आता तारखा. हे काम कंटाळवाणं आहे पण ते केल्याशिवाय बाकी काही उलगडत नाही. पत्रावर शके लिहिलं असेल तर 78 मिळवायचे म्हणजे इसवी सन येतो, वर्षाचे शेवटचे अडीच-तीन महिने असतील तर 79. तुमचं पहिलं पत्र श्रावण शके 1838, म्हणजे 1916 चा पावसाळा. पण एक खाच आहे, काही पत्रं हिंदीत आहेत असं तुम्ही म्हणालात, म्हणजे लिहून देणारा उत्तरेकडचा असू शकतो, आणि त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे कृष्णपक्षात त्यांचं महिन्याचं नाव आपल्यापेक्षा एकाने पुढे असतं, आणि त्यांनी शकाऐवजी विक्रम संवत लिहिलेला असेल तर हिशेब आणखी वेगळा. हे न बघता पत्रं लावली तर एखादं पत्र सरळ एक महिना पुढे सरकतं आणि मग उत्तर आधी, प्रश्न नंतर असा घोळ होतो. तारीख नसेल तर पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बघा. फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यात गावाचं नाव नसतं, नुसता एफ.पी.ओ. आणि नंबर असतो, कारण जागा कळू द्यायची नव्हती. पण तारीख असते. तिकिटावर आय.ई.एफ. (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स) अशी काळी अक्षरं छापलेली दिसली तर ते फौजेसोबतच्या टपालातलं तिकीट, ते भिजवून पाकिटावरून सोडवू नका, कोणी तिकीट गोळा करणारा कितीही मागे लागला तरी.

ह्या 1916 वरून एक गोष्ट निघते. इराकमधल्या कूट-अल-अमाराला तुर्कांनी घातलेला वेढा 7 डिसेंबर 1915 ला सुरू झाला आणि 29 एप्रिल 1916 ला तिथली इंग्रजांची फौज शरण गेली. 103, 110 आणि 117 ह्या तिन्ही मराठा पलटणी आत अडकल्या होत्या. खायचे हाल, शेवटी घोड्याचं मांस खायची वेळ, आपल्या लोकांनी ते बरेच दिवस नाकारलं. शरण गेलेल्यांना चालवत तुर्कस्तानात नेलं, वाटेत आणि रेल्वेच्या कामावर असंख्य मेले. तुमचे पणजोबा श्रावणात बसऱ्याहून आरामात मनीऑर्डरची चौकशी करतायत, म्हणजे ते त्या कैदेत नव्हते एवढं नक्की. एकतर ते दुसऱ्या पलटणीत होते, उदाहरणार्थ 105 किंवा 114, नाहीतर कूटनंतर त्या तीन पलटणी नव्या भरतीतून पुन्हा उभ्या केल्या त्यात गेले. त्यांच्या गावचा कोणी कूटमध्ये होता का हे पत्राच्या शेवटी कोणाकोणाची खबर विचारलीय त्यावरून कळू शकतं, ती नावं एका कागदावर वेगळी काढा.

ती नावांची यादी आणखी एका कारणासाठी हवीय. तुम्ही सहज लिहून गेलात की भाद्रपद 1840 ते पौष एकही पत्र नाही, बहुतेक हरवली असतील. मला तसं वाटत नाही. हा काळ म्हणजे साधारण सप्टेंबर 1918 ते जानेवारी 1919. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, आणि त्याच सप्टेंबर-ऑक्टोबरात इन्फ्लुएंझाची दुसरी लाट आली, म्हातारी माणसं मानमोडी म्हणायची ती. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं गेली, गावंच्या गावं आजारी, सरण रचायला माणूस मिळेना. आणि आपल्याकडे अशुभाचं पत्र घरात ठेवत नसत. कोपरा फाडलेलं कार्ड यायचं, बाहेरच वाचायचं आणि फाडून टाकायचं. दुखवट्याचं पत्रही तसंच, ते कोणी ट्रंकेत जपून ठेवत नाही. म्हणजे इकडून कोणीतरी गेल्याची खबर बसऱ्याला गेली असेल आणि पणजोबांनी सांत्वनाचं लिहिलं असेल तर नेमकी तीच पत्रं नसणार.

हा अंदाज झाला, पण तपासता येतो. श्रावण 1840 च्या आधीच्या पत्रांत शेवटी ज्यांना नमस्कार-आशीर्वाद सांगितलेत ती नावं आणि माघानंतरच्या पत्रांतली नावं शेजारी शेजारी मांडा. कोण गळलं? कोणाच्या नावाआधी सौ. होतं तिथे गं. भा. आलं, म्हणजे ती विधवा झाली? मायना वडिलांचा होता तो मोठ्या भावाचा झाला का? आमच्या घरच्या पत्रांत एक अख्खी चुलत शाखा अशी सापडली, जिच्याबद्दल कोणी कधी बोललंच नव्हतं. मग तहसील कचेरीत जाऊन गाव नमुना 14 मागा, लोक कोतवाल बुक म्हणतात ते, जातीच्या दाखल्यासाठी सगळे काढतातच, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. 1918 ची पानं जिथे शाबूत आहेत तिथे एकाखाली एक नोंदी बघून अंगावर काटा येतो.

जपण्याबद्दल थोडक्यात. लॅमिनेशन अजिबात नको, सेलोटेप नको, घडीवर फाटलं असेल तरी नको. तिसऱ्या फोटोत अक्षरं काही ठिकाणी जांभळी दिसतायत ती शाई नाही, ती कॉपिंग पेन्सिल आहे, कोरडी असताना करडी दिसते आणि ओल लागली की जांभळी पसरते. म्हणजे ह्या पत्राला एकदा ओल लागून गेलीय. घडी उलगडत नाही म्हणून ओला कापूस लावला तर अख्खं पान जांभळं होईल, कृपा करून करू नका. दोन्ही बाजूंचे, पाकिटाचे आणि कोऱ्या पाठीचे पण फोटो काढा, खिडकीजवळ उजेड तिरपा येईल असे, पुसट पेन्सिल त्यात जास्त दिसते. पत्र आणि त्याचं पाकीट एकत्रच ठेवा. आणि मोडी वाचून घेतलंत त्यांच्याकडून सारांश नका घेऊ, ओळीला ओळ लिप्यंतर घ्या. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, त्यामुळे वाचणारा घाईत असला की नावं चुकतात आणि सारांशात तर नेमके विहीर आणि पावतीच गळतात, त्यांना ते बिनमहत्त्वाचं वाटतं.

पलटण नक्की करायला घरात पदक आहे का बघा. त्या लढाईच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरात कोरलेलं असतं, भिंग लावून वाचा. पुष्कळ घरांनी चांदी म्हणून मोडली, पण देवघरात, बायकांच्या डब्यात राहिलेली निघतात. पेन्शनचे कागद 1922 नंतरचे असतील तर नावाने गोंधळू नका, तेव्हा जुने नंबर जाऊन सगळ्या मराठा पलटणी पाचव्या मराठा रेजिमेंटच्या बटालियन झाल्या, 103 ची पहिली, 105 ची दुसरी, 110 ची तिसरी, 117 ची पाचवी. युद्ध-स्मशानांच्या कमिशनच्या यादीत शोधून उपयोग नाही, तिथे फक्त मेलेल्यांची नावं आहेत आणि पणजोबा परत आले. गावच्या चावडीवर किंवा देवळाजवळ संगमरवरी पाटी असेल, ह्या गावातून इतके गेले आणि इतके कामी आले अशी, साताऱ्याकडे कितीतरी गावांत आहे. तिचा फोटो आणा.

सध्या एवढं करा, माघ 1840 नंतरचं जे पहिलं पत्र असेल त्याचा पूर्ण फोटो टाका, मायन्यासकट आणि पाठीसकट. मायना कोणाच्या नावे आहे ते मला बघायचंय.