आधी आकार, मग खवले

गेमसाठी काढलेला तुझा ड्रॅगन पाहिला. खवले मन लावून काढलेस, पण चित्र लहान करून बघ, नुसता करडा ढिगारा दिसतो. गेममध्ये पात्र बऱ्याचदा अंगठ्याएवढंच दिसतं, तेव्हा ते ओळखू येतं बाह्याकृतीवरून. क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, महागड्या सॉफ्टवेअरसाठी अडून राहू नकोस. एकच काळा ब्रश घे आणि एका पानावर वीस छोट्या आकृत्या काढ. पहिल्या पाच-सहा नेहमीच्याच येतील. खरी गंमत त्यानंतर सुरू होते.

किल्ला काढायचाय म्हणालास ना? मग दुसऱ्यांची फँटसी चित्रं बाजूला ठेव आणि रायगडाचा महादरवाजा बघ. तो दोन बुरुजांच्या आड असा दडलाय की जवळ जाईपर्यंत दिसत नाही, म्हणजे शत्रूला थेट मारा करता येत नाही. तुझ्या काल्पनिक किल्ल्यातल्या प्रत्येक भिंतीला असंच काहीतरी कारण हवं. ते सापडलं की नक्षी आपोआप सुचते, मला तरी नेहमी तशीच सुचली.

रंगांची घाई नको. आधी काळा, पांढरा आणि दोन करड्या छटांतच उजेड-सावली बसव. मधूनमधून क्रिटात कीबोर्डवरचं ‘एम’ दाब, चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं आणि वाकडा जबडा लगेच डोळ्यांत भरतो.

वीस आकृत्या झाल्या की पाठव, फसलेल्यासुद्धा.