नाण्यांचा नाद आणि पोटापाण्याचा मार्ग

ताई, सप्रेम नमस्कार.

मुलगा बीएच्या दुसऱ्या वर्षाला, विषय इतिहास, जुन्या नाण्यांचं वेड. सिन्नरकडे एका शेतात नांगरताना निघालेली नाणी स्वस्तात घेऊन ऑनलाइन परदेशी गिऱ्हाइकाला विकायचं म्हणतोय. यात करिअर आहे का, असं तुम्ही विचारलंय.

नाण्यांत आहे. या व्यवहारात नाही, तो आजच थांबवा. शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. १९७२च्या कायद्यात त्याला किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद आहे. देशातल्या देशात असा धंदा करायलाही परवाना लागतो. शेतकऱ्यानेही जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायला हवं. १८७८चा निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेला ठेवा) कायदा दहा रुपयांवरच्या ठेव्यालाही लागू आहे. सरकारने ठेवा घेतलाच तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो. हा मोबदला तोकडा आहे, त्यामुळे लोक गुपचूप सराफाकडे जातात, हे माझं स्पष्ट मत. पण उपाय कायदा सुधारण्यात आहे, चोरवाटेत नाही.

त्याला जोगळटेंभीचा ठेवा समजावून सांगा. १९०६ साली आपल्याच नाशिक जिल्ह्यात क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा मारलाय: नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींची टेकडी उमटलेली. गौतमीपुत्राने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, पाडाव केल्याचं नाशिकच्या पांडवलेणीतल्या शिलालेखात कोरलंय, त्याला या नाण्यांनी दुजोरा दिला. हीच नाणी सुटी सुटी विकली गेली असती, तर कुठली, कुणाबरोबरची, किती, सगळंच पुसलं गेलं असतं.

त्याला नाशिकजवळच्या अंजनेरीला, नाणकशास्त्र (नाण्यांचा अभ्यास) संस्थेत घेऊन जा. ब्राह्मी लिपी आणि प्राकृत भाषा आतापासूनच शिकू द्या. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वात एमए करता येईल. संग्रहालयं, राज्याचं पुरातत्त्व खातं, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण अशा जागा आहेत, पण थोड्या, आणि भरती कधी निघेल याचा नेम नसतो. म्हणून जोडीला कायद्याची पदवी घ्यावी, असं मी आग्रहाने सुचवेन. चोरून परदेशी नेलेल्या मूर्ती परत आणताना जुने फोटो, नोंदी, खरेदीच्या पावत्या तपासाव्या लागतात. नाणी-मूर्ती ओळखणारे आणि कायदाही जाणणारे वकील आपल्याकडे फार कमी आहेत.

आणि ती शेतातली नाणी घासूनपुसून चकचकीत करू नका म्हणावं. सापडली तशीच, मडक्याच्या खापरांसकट ठेवा, जागेचे फोटो काढा आणि शेतकऱ्याला सोबत घेऊन याच आठवड्यात जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्या. अर्ज मुलालाच लिहू दे.