तुकड्या पाडायच्या आधी, नवीन सरांसाठी

सर, पहिल्याच वर्षी पोरांच्या पातळीप्रमाणे तुकड्या पाडायचं काम गळ्यात पडलं म्हणून एवढं टेन्शन कशाला घेऊन राहिले, जमते. सध्या एवढंच पाहा:

१. वार्षिकच्या टक्केवारीवरून अ-ब-क करू नका, सगळे तिथंच फसतात. एकेका पोराला जवळ बसवून वाचून घ्या, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, कुठं अडकते ते पाच मिनिटात कळते, आणि गणित वेगळं तपासा. आपल्या नागपुरात घरी हिंदी बोलणारी पोरं भरपूर, मराठी वाचताना अडखळलं म्हणजे ते कच्चं असं नाही नं, भागाकारात तेच पुढं असू शकते.

२. अख्खा दिवस वेगळं बसवू नका. भाषा-गणिताचा एखादा तास गट करा, बाकी वर्ग एकत्र. 'प्रथम' ही शिक्षणातली संस्था आहे नं, तेही असंच करतात.

३. कच्च्या गटाला सगळ्यात नवखा शिक्षक, ही तर हमखास चूक. आणि तेच पुस्तक हळू शिकवलं तर गट पाडून उपयोग काय? केनियात २००५ पासून १२१ शाळांत पहिलीच्या पोरांवर पातळीप्रमाणे गट पाडायचा प्रयोग झाला, तिथं वरच्या-खालच्या दोन्ही गटांचे मार्क वाढले, खालच्यांना त्यांच्या लेव्हलचं शिकवता आलं हे त्यातलं मोठं कारण मानतात.

४. दर महिना-दीड महिन्यानं परत तपासा, पोरं हलवा. गट कायमचा झाला की 'ढ' चिकटलंच, मग पालकही तेच म्हणतात.

वेळापत्रक, नोंदी वगैरे नंतर बोलू, आधी वाचनाची चाचणी उरकून घ्या.