गेन कमी करू नकोस

चि. इंजिनीअरबाई,

अनेक आशीर्वाद.

रायझरच्या माथ्यावरचा चोक, म्हणजे प्रवाह आवळणारा व्हॉल्व्ह, ऑटोवर टाकला की दाब पाहून तो हलवणारा लूप झुलतो, तर गेन (कंट्रोलरच्या प्रतिक्रियेचा जोर) कमी करू का, असं तू विचारलंस. तुझा ट्रेंड, म्हणजे दाबाचा आलेख, पाहिला. रायझरच्या, म्हणजे समुद्रतळावरून प्लॅटफॉर्मवर चढणाऱ्या नळीच्या, बुडाशी दाब अर्धा तास सावकाश चढतो, दोन-तीन मिनिटांत कोसळतो, की पुन्हा चढायला सुरुवात. लाइनमध्ये एरवी होणारे आखूड स्लग (द्रवाचे लोंढे) पटापट येतात, सेपरेटरला (द्रव आणि गॅस वेगळे करणाऱ्या टाकीला) त्यांचं फारसं काही वाटत नाही. हा प्रकार वेगळा. दाबाचा झोका किती बारचा आहे ते मोज. पाण्याने भरलेल्या नळीत दर १० मीटरला साधारण १ बार. मुंबई हायवर समुद्र ७५ मीटरच्या आसपास खोल, वर डेकची उंची. म्हणजे तेल-पाण्याने गच्च भरलेला रायझर सात-आठ बारचं ओझं टाकणार. तुझा झोका सहाचा दिसतोय. याचा अर्थ अख्खा रायझर भरतोय आणि जवळजवळ अख्खा रिकामा होतोय.

तरी आधी विहिरींकडे बघ. गॅस लिफ्टवरच्या (आत गॅस सोडून तेल वर आणणाऱ्या) विहिरीत अॅन्युलसचा (नळ्यांमधल्या पोकळीचा) दाबही असाच ठेक्यात वरखाली होऊ शकतो, आणि मग रायझर बिचारा उगाच बदनाम होतो. विहिरी शांत असतील तरच पुढचं वाच.

तळाशी उताराने आलेली लाइन रायझरला मिळते त्या कोपऱ्यात द्रव साचतो आणि गॅसची वाट अडवतो. मागे गॅस दाबला जातो, पुढे द्रवाचा खांब वाढतो. शेवटी गॅस कसाबसा रायझरमध्ये घुसतो. घुसला की खांब हलका होतो, हलका झाला की तळाचा दाब उतरतो, दाब उतरला की गॅस आणखी फुगून वर धावतो. बिघाड स्वतःलाच खतपाणी घालतो. वर सेपरेटरची लेव्हल हाय-हायला (धोक्याच्या खुणेला) भिडते, मागोमाग आलेला गॅस फ्लेअरला (जळायला) जातो, आणि कंट्रोल रूममध्ये सगळे एकमेकांकडे बघतात. फील्ड म्हातारं झालं, प्रवाह मंदावला, की हे वाढतं.

शिफ्टमधले जुने ऑपरेटर वरचा चोक आवळून हे थांबवतात. त्यांना हसू नकोस, ते बरोबर आहेत. योकम नावाच्या अभ्यासकाने १९७३ मध्येच रायझरमधल्या या स्लगिंगवर लिहिताना हा उपाय सांगितला होता आणि त्यात उत्पादन जातं हेही सांगितलं होतं. आवळलेल्या चोकचा बॅक प्रेशर (मागे ढकलणारा दाब) थेट विहिरींवर बसतो. आपल्याला चोक त्याहून जास्त उघडा ठेवायचाय, जिथे लाइन आपणहून स्थिर राहणार नाही अशा जागी. कंट्रोलरचं कामच ते. स्लग आल्यावर झेलत बसायचं नाही, तो जन्मालाच येऊ द्यायचा नाही.

आता तुझा प्रश्न: ऑटोवर लूप झुलतो, गेन कमी करू का? नको. फ्लो किंवा टेंपरेचरच्या लूपवर शिकलेली ही सवय इथे अंगाशी येते. तिथे कंट्रोलर सुस्त असला तरी प्रक्रिया आपल्या जागी राहते. इथे प्रक्रियाच मुळात अस्थिर. कंट्रोलरने हात काढला की थोड्याच वेळात स्लग हजर. त्यामुळे गेनला वरची मर्यादा आहे तशी खालचीही आहे, आणि तू बहुधा खालच्या मर्यादेखाली आहेस. त्यात चोक जसा उघडत जातो तसा त्याच्यावरचा दाबफरक घटतो. मग टक्काभर हलवून पूर्वीइतका परिणाम होत नाही. १५ टक्क्यांवर बसवलेलं ट्यूनिंग २५ वर लुळं पडतं. गेन वाढव, इंटिग्रल (साठत गेलेल्या चुकीवरची दुरुस्ती) मात्र सौम्य ठेव.

सुरुवात मॅन्युअलने कर. चोक आवळून लाइन शांत कर, मग ऑटोवर टाक. त्यानंतर तळाच्या दाबाचा सेटपॉइंट (कंट्रोलरला दिलेलं लक्ष्य) पाव-पाव बारने उतरव, आणि प्रत्येक पायरीवर स्लगच्या दोन-तीन फेऱ्यांइतकं थांब. एका टप्प्यावर चोक पूर्ण उघडून अडकेल, म्हणजे नियंत्रण संपलं. तिथून एक-दोन पायऱ्या मागे ये. मॅनेजरसाहेब थोडं आणखी मागतीलच, देऊ नकोस.

वरचा, चोकपाशी मोजलेला दाब धरून लूप चालवायचा मोह होईल, कारण तो ट्रान्समीटर (दाबमापक) हाताशी असतो. टाळ. चोक हलवल्यावर त्या दाबाची पहिली प्रतिक्रिया उलट्या दिशेची येऊ शकते, आणि कितीही हुशार ट्यूनिंग केलंस तरी ती जात नाही. बुडाचा ट्रान्समीटर मेला असेल तर वेल प्लॅटफॉर्मकडच्या (विहिरींच्या बाजूच्या) टोकाचा दाब घे. तो जरा उशिरा बोलतो, पण खरं बोलतो. नॉर्वेच्या हेद्रून फील्डवर समुद्र ३५० मीटर खोल आहे; तिथेही चोक आणि दाबाच्या मापावर आधारलेलंच स्लग कंट्रोल बसवलं गेलं. त्या देशात, ट्रॉनहेमला प्राध्यापक स्कोगेस्टाड आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कोणतं माप निवडावं यावर पुष्कळ काम केलंय, सवडीने वाच.

आणि इन्स्ट्रुमेंटवाल्याला घेऊन चोकपाशी जा. एक-एक टक्क्याने कमांड द्यायला सांग आणि स्टेमवर (व्हॉल्व्हच्या दांड्यावर) डोळा ठेव. तीन कमांडपर्यंत ढिम्म, चौथीला टुणकन उडी, असं दिसलं तर ट्यूनिंगची चर्चाच बंद. आधी पॅकिंग (दांड्याभोवतीचं सील) आणि पोझिशनर (दांडा सांगितल्या जागी नेणारं उपकरण) बघ.

पिगिंगनंतर (लाइन साफ करायला आतून बोळा सोडल्यावर) येणारा द्रवाचा लोंढा मात्र या लूपच्या आवाक्यातला नाही. त्याला जागाच लागते, आणि उरणला किनाऱ्यावर स्लग कॅचर (लोंढा झेलणारी मोठी भांडी) त्यासाठीच आहेत.

पुढच्या वेळी बुडाचा दाब, चोकची कमांड, स्टेमची खरी जागा आणि सेपरेटरची लेव्हल एकाच वेळपट्टीवर पाठव. हिस्टोरियनमधून (जुना डेटा साठवणाऱ्या प्रणालीतून) नको, तो आकडे गाळून ठेवतो आणि नेमक्या त्या दोन मिनिटांची वाट लावतो. डीसीएसवरून (प्लांट चालवणाऱ्या नियंत्रण-प्रणालीवरून) थेट सेकंदासेकंदाचा डेटा काढ.

कळावे.