'पुनरुत्पादक बांधणी' की 'तंतोतंत बांधणी'?

प्रश्न असा आला आहे : 'सीपीयूआयडी ही प्रोसेसर ओळखणारी उपयुक्तता पुनरुत्पादक बांधणीसाठी वेष्टित करणे' असे भाषांतर वाचले. 'रिप्रॉड्युसिबल बिल्ड'ला 'पुनरुत्पादक बांधणी' म्हणणे बरोबर आहे का?

माझ्या मते नाही. पाचक, मारक, उत्पादक या शब्दांत '-क' क्रिया करणाऱ्याला लागतो. पुनरुत्पादक म्हणजे स्वतः पुन्हा उत्पन्न करणारा. इथे तर बांधणीच पुन्हा केली जाते. 'पुनर्निर्मितीक्षम'चीही तीच अडचण : 'कार्यक्षम'सारखी क्षमता कर्त्याकडे जाते.

'पुन्हा करण्याजोगी' व्याकरणाला चालेल, पण अर्थ निसटतो. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, हाती असला की कुठलाही प्रोग्रॅम पुन्हा बांधता येतोच, म्हणजे त्यातून चालणारी फाइल तयार करता येते. इथली अट कडक आहे : तोच सोर्स, तीच साधने, त्याच सूचना, तर तयार होणारी फाइल बिट-न्-बिट तीच हवी. तरच उतरवून घेतलेला प्रोग्रॅम खरोखर जाहीर केलेल्या सोर्समधूनच बनला आहे, हे कुणालाही स्वतः बांधून पडताळता येते.

सीपीयूआयडीचे उदाहरण यासाठी फारच चांगले आहे. याच नावाची प्रोसेसरची सूचना (इन्स्ट्रक्शन) इंटेलने 1993च्या पेंटियमसोबत रूढ केली. तिला शून्य क्रमांकाची माहिती विचारली की प्रोसेसर उत्पादकाची 12 अक्षरे देतो : 'जेन्युइनइंटेल' किंवा 'ऑथेंटिकएएमडी'. हे साधन अशीच माहिती वाचून छापते, म्हणून त्याचे उत्तर यंत्रागणिक वेगळे येणारच. प्रोग्रॅमची फाइल मात्र वेगळी होता कामा नये. सोर्समधून फाइल बनवणाऱ्या कंपायलरला 'मार्च=नेटिव्ह' (-march=native) हा पर्याय दिला, तर तो बांधणाऱ्याच्याच प्रोसेसरला साजेसा कोड काढतो, आणि दोन यंत्रांवर दोन फाइली निघू शकतात. प्रोसेसरची ओळख चालवताना पटावी, बांधताना नव्हे.

वेळेचाही त्रास असतो. मॅन पेज, म्हणजे प्रोग्रॅमसोबतचे माहितीपान, जीझिप या साधनाने आवळले की फाइलीच्या सुरुवातीच्या भागात, हेडरमध्ये, वेळ शिरते आणि निकाल बदलतो. जीझिपला '-एन' हा पर्याय दिला की हे टळते. इतर तारखांसाठी 'सोर्स डेट एपॉक' हे मूल्य आहे : 1 जानेवारी 1970पासूनचे सेकंद, बांधणीआधीच ठरवून दिलेले. गिक्स या पॅकेज सांभाळणाऱ्या प्रणालीत बिल्ड करताना 'चेक' हा पर्याय दिला की पॅकेज पुन्हा बांधून आधीच्या निकालाशी ताडले जाते.

हा ताडण्याचा अर्थ 'तंतोतंत'मध्ये आहे. 'हुबेहूब' दिसण्यापुरते; चित्र हुबेहूब असले तरी ते चित्रच. 'बरहुकूम' मला फार आवडतो, पण तो आज्ञा पाळल्याचे सांगतो, निकाल एकच आल्याचे नाही. म्हणून 'तंतोतंत बांधणी'. कुणी 'तंतोतंत बिल्ड' म्हटले तरी माझी हरकत नाही.

'उपयुक्तता' हा गुण झाला, वस्तूला 'साधन' म्हणावे. 'वेष्टित' तर सोडूनच द्यावे; या कामातली मराठी माणसे 'पॅकेज करणे' म्हणतात. मी ते वाक्य असे लिहीन : 'प्रोसेसर ओळखणारे सीपीयूआयडी हे साधन असे पॅकेज करणे, की त्याची बांधणी कुठल्याही यंत्रावर तंतोतंत तीच व्हावी.'