जनुकं की अनुभव? सुरुवात करताना एवढं सांभाळा

माणसाचा स्वभाव किती टक्के जनुकांमुळे आणि किती टक्के अनुभवांमुळे घडतो, हा प्रश्न चांगला आहे, फक्त त्यातलं 'किती टक्के' आधी बाजूला ठेवा. नवखे बहुतेक इथेच अडखळतात. आनुवंशिकता ५० टक्के म्हणजे तुमचा अर्धा स्वभाव जनुकांतून आला, असं नव्हे. एका समूहातल्या माणसामाणसांतल्या फरकांपैकी किती वाटा जनुकीय फरकांशी जोडलेला आहे, हे तो आकडा सांगतो; एकट्या माणसाबद्दल तो बोलत नाही. हाताला पाच बोटं जनुकांमुळेच येतात, तरी बोटांच्या संख्येची आनुवंशिकता शून्याच्या आसपास भरते. कारण बोटं कमी होतात ती बहुधा अपघाताने. हे उदाहरण पचेपर्यंत पुढे जाऊ नका, खरंच.

मग दोन गोष्टी:

- जनुकीय म्हणजे अटळ नव्हे. फिनाइलकीटोन्युरिया हा जनुकदोषाचा आजार. उपचार न झाल्यास बुद्धीची वाढ खुंटते. पण जन्मानंतर लगेच निदान करून फिनाइलअ‍ॅलनिन (प्रथिनांतला एक घटक) कमी असलेला आहार दिला, तर ते नुकसान बहुतांशी टळतं.
- 'नैराश्याचं जनुक' असे मथळे सोडून द्या. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या वाहकाचं जनुक आणि तणाव यांच्या जोडीने नैराश्याचा धोका वाढतो, असा गाजावाजा २००३ मध्ये झाला. पुढच्या मोठ्या अभ्यासांत तो दावा टिकला नाही. मानसिक गुणांमागे हजारो जनुकीय फरक असतात, प्रत्येकाचा वाटा इवलासा.

आणखी एक चूक मीही बरीच वर्षं केली: घरात पुस्तकं असलेली मुलं जास्त वाचतात, म्हणजे पुस्तकांनीच ती घडली असं धरणं. वाचनवेडे आईवडील मुलांना पुस्तकंही देतात आणि जनुकंही. म्हणून या दोन्हींचा वाटा वेगळा करू पाहणारे जुळ्यांचे आणि दत्तक मुलांचे अभ्यास आधी वाचा. एपिजेनेटिक्सची (जनुकांची रचना न बदलता त्यांचं काम कसं चालू-बंद होतं, त्याच्या अभ्यासाची) घाई नको, ते वर्षभराने.