स्पर्धेआधी जड स्क्वॉट मारले तर वेग आणि उडी वाढते की पाय जड होतात?

ठाण्यात १०० मीटर आणि लांब उडीच्या स्पर्धेत उतरताय. जिममधला मित्र म्हणतो, ‘जड स्क्वॉट मारून जा, पाय खुलतील’, आणि सर म्हणतात, ‘आठवडाभर बारला हात लावू नकोस’. कोणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय. (स्क्वॉट म्हणजे खांद्यावर वजनाचा बार घेऊन मारलेली उठाबशी.) स्पर्धा जवळ असेल तर बहुतांशी सरांचं ऐका. मित्राचं म्हणणंही खोटं नाही, फक्त त्यात मिनिटांचा हिशेब आहे आणि तो सगळ्यांना लागू होत नाही.

जड वजन उचललं की स्नायू थकतो आणि त्याच वेळी जास्त तयारही होतो. आतलं तापमान वाढतं, शिवाय मायोसिन या प्रथिनात तात्पुरता बदल होऊन स्नायूला आकसण्याचा इशारा देणाऱ्या तेवढ्याच कॅल्शियमवर जास्त जोर लागतो. पहिली दोन-तीन मिनिटं थकवा वरचढ असतो, म्हणून सेट, म्हणजे एका दमात मारलेले स्क्वॉट, संपल्या संपल्या उडी कमीच भरते. साधारण ५ ते १० मिनिटांच्या दरम्यान थकवा उतरलेला असतो पण तयारी टिकून असते. फायदा मिळाला तर तेव्हाच. ज्यांचा कमाल स्क्वॉट (एकदाच उचलता येणारं जास्तीत जास्त वजन) स्वतःच्या वजनाच्या पावणेदोन ते दोन पट आहे, त्यांना तो सहसा लवकर आणि जास्त दिसतो. दीडपटही होत नसेल तर बहुतेक वेळा थकवाच पदरात पडतो. अशांनी स्पर्धेच्या दिवशी हा नाद करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ताकद पुरेशी असेल तर सरावात करून बघा. समजा वजन ७० किलो आणि एका रेपचा (एकदाच खाली बसून उठण्याचा) कमाल स्क्वॉट १२० किलो. नेहमीचा वॉर्म-अप झाल्यावर ४० किलोचे ५ रेप, ७० चे ३, ९० चे २ आणि शेवटी १०५ चे २. तिथेच थांबायचं. १०५ किलोचा तिसरा-चौथा रेप निघेलही, पण तो काढलात की थकवा वाढतो आणि सगळा हिशेब बिघडतो. लोक चुकतात ते इथेच: सेट फेल्युअरपर्यंत, म्हणजे आणखी एकही रेप निघणार नाही इथपर्यंत, नेतात, नाहीतर मिनिटभरात पळायला सुटतात. मधल्या वेळात बसून राहू नका, हळूहळू चालत राहा.

फायदा झाला की नाही हे ३० मीटर पळून कळणार नाही. ४.२ सेकंदांतले दोन टक्के म्हणजे जेमतेम ०.०८ सेकंद, हाताने दाबलेल्या स्टॉपवॉचची चूक त्याहून मोठी असू शकते. त्यापेक्षा बोटाला खडू लावून भिंतीलगत उभी उडी मारा आणि खुणेची उंची मोजा. स्क्वॉटआधी तीन उड्या, मग ४, ७ आणि १० मिनिटांनी प्रत्येकी दोन. एखाद्या दिवशी स्क्वॉट न करता फक्त वॉर्म-अप करून त्याच वेळांना उड्या मारा, कारण नुसत्या वॉर्म-अपनेही उडी वाढते आणि श्रेय फुकट स्क्वॉटला जातं. ५० सेंटिमीटरची उडी एक-दीड सेंटिमीटरने वाढली आणि तीन वेगवेगळ्या दिवशी तसंच दिसलं, तर ती वाढ खरी माना.

प्रत्यक्ष स्पर्धेत आणखी एक अडचण येते. दादोजी कोंडदेव स्टेडियम असो की दुसरं कुठलं मैदान, ट्रॅकशेजारी स्क्वॉटचा रॅक मिळत नाही. नाव पुकारल्यावर किती वेळ थांबावं लागेल हेही आपल्या हातात नसतं. शर्यत वीस मिनिटं लांबली की ५ ते १० मिनिटांचं गणित संपलं. म्हणून बारऐवजी उड्या वापरा: साधारण ३० सेंटिमीटरच्या पायरीवरून खाली उतरून लगेच वर उसळायचं, ३ उड्यांचे २ सेट, शर्यतीच्या चार-पाच मिनिटं आधी. सरावात ही उडी केलेली नसेल तर त्या दिवशी नवीन म्हणून करू नका. वेळ लांबली तर एक सेट पुन्हा मारता येतो. ठाण्याच्या दमट हवेत अंग लवकर तापतं, तेव्हा वॉर्म-अप लांबवून घामाघूम होऊ नका.

आता सरांची बाजू, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. पाच-सहा जड सेट, लंजेस (एक पाय पुढे टाकून खाली बसणं) किंवा रोमानियन डेडलिफ्ट (कमरेतून वाकून बार खाली नेऊन वर उचलणं) भरपूर झाले की मांड्या भरून येतात आणि उडी व वेग ४८ ते ७२ तास खाली राहू शकतात. वजन सावकाश खाली नेताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. मुख्य झीज त्यात होते. येऊरच्या डोंगराच्या उतारावरून पळत खाली आल्यावर पुढच्या मांड्या दुखतात, त्यामागेही हेच कारण. दुखणं साधारण एक-दोन दिवसांनी सर्वात जास्त असतं, त्यामुळे शुक्रवारी लेग डे केलात तर रविवारी पाय ऐन दुखण्यात असतील.

तरीही आठवडाभर बार पूर्ण सोडायची गरज नाही. स्पर्धा रविवारी असेल तर बुधवारी शेवटचा स्क्वॉट: कमाल स्क्वॉटच्या ८० ते ८५ टक्के वजनावर ३ रेपचे २ सेट, प्रत्येक सेटमध्ये दोन-तीन रेप शिल्लक ठेवून. लंजेस आणि रोमानियन डेडलिफ्ट त्या आठवड्यात बंद. शनिवारी हलकं जॉगिंग आणि ३० मीटरच्या दोन-तीन धावा, त्याही पूर्ण वेगात नकोत. मांडीच्या मागच्या बाजूला एकाच जागी टोचल्यासारखं दुखत असेल, तर ते भरून आलेले पाय समजू नका. वेगात धावणं लगेच थांबवा आणि फिजिओला दाखवा.